एकाच भोकात दुसरी गोळी

लातूरहून नांदेडला निघालं की वाटेत चाकूर लागतं. तिथे सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नांदेड ओलांडून मुदखेडला गेलात तर केंद्रीय राखीव पोलीस दलाचं. अशा केंद्रांत नव्या जवानाच्या हाती रायफल आली, की त्याला सुरुवातीला जे सांगतात ते ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. मधोमध मार, असं सांगत नाहीत. सांगतात, ग्रुपिंग कर. नेम एकाच जागी धर, गोळ्या कुठे लागतील तिथे लागोत, पण एकमेकींच्या जवळ लागू देत.

असं का? पुंजका मध्यापासून वीतभर डावीकडे पडला, तर रायफलीवरची नेम धरायची साइट थोडी सरकवली की तो मध्यावर येतो. क्षणाचं काम. पण गोळ्या विखुरल्या असतील, तर जगातली कुठलीही साइट त्यांना गोळा करू शकत नाही. अचूकपणाच्या आधी सारखेपणा लागतो, आणि सारखेपणा ही या साऱ्या विद्येतली सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

आता मनातल्या मनात एक प्रयोग करा. माणूसच बाजूला काढा. थरथरणारा हात नको, श्वास नको, डोळ्यांवर येणारा घाम नको. रायफल लोखंडी वाईसमध्ये घट्ट आवळा आणि पाच गोळ्या झाडा. तीच रायफल, तोच नेम, वारा पडलेला. पाचही गोळ्या एकाच भोकातून जायला हव्यात की नाही?

जात नाहीत! अगदी चांगल्या रायफलीतूनही जात नाहीत. मग काय बदललं? बदललं ते काडतूस. पाच काडतुसं दिसायला जुळी भावंडं, पण नळीत शिरल्यावर प्रत्येकाचा स्वभाव निराळा. अमेरिकेत आणि युरोपात शिकारीच्या रायफली बाळगणारे कित्येक जण याच कारणाने दुकानातलं काडतूस नाकारतात आणि आपल्या रायफलीपुरतं काडतूस स्वतः भरतात. आपल्याकडे शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबली, आणि परवान्याशिवाय काडतूस भरणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. दोन्ही कायदे असायलाच हवेत असं मला ठामपणे वाटतं. पण त्या चार बोटं लांबीच्या पितळी पुंगळीत जे घडतं, ते समजून घ्यायला परवाना लागत नाही. आणि ते अद्भुत तर आहेच, शिवाय त्याची मराठवाड्याशी असलेली नाती पाहून आणखीच मौज वाटते.

एक काळ असा होता की प्रत्येक बार हाताने भरलेलाच असे. ठासणीची बंदूक घ्या. दारू नळीत ओतायची, बोळा घालायचा, गोळी किंवा छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, दारू पेटवणारी टोपी चढवायची, मग चाप ओढायचा. तोफेचंही जवळजवळ तेच, फक्त अंगाने शंभरपट मोठं. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला ज्या मोहिमेत नमवलं, ती उदगीरची. उदगीर आणि औशाच्या त्या मुलखात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने निजामाच्या फौजेची कोंडी केली. या तोफखान्याचा दरारा त्याच्या शिस्तीतून आला होता. एका तोफेभोवती उभ्या असलेल्या माणसांनी प्रत्येक वेळी तीच कृती, त्याच क्रमाने, तितक्याच जोराने करायची. कारण एकदा दारू सैल ठासली आणि एकदा घट्ट, तर गोळा कुठे पडेल ते कोण सांगणार? दमट दारू, कमीजास्त जाडीचे दाणे, गोळा आणि नळी यांच्यात राहिलेली फट, या प्रत्येक गोष्टीने वेग बदलतो.

पण वेग बदलतो हे कळणार कसं? डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचा वेग मोजायचा तरी कसा, तोही अठराव्या शतकात? उदगीरच्या लढाईच्या अठरा वर्षं आधी, 1742 मध्ये, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने त्याचं उत्तर छापून प्रसिद्ध केलं, आणि ते इतकं साधं आहे की वाचून थक्क व्हायला होतं. लाकडाचा एक जड ठोकळा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी ठोकळ्यात रुतते आणि ठोकळा झोका घेतो. झोका किती लांब गेला ते मोजा, गोळीचं आणि ठोकळ्याचं वजन तुम्हाला ठाऊक आहेच, वेग हिशेबाने निघतो. गोळीच्या धावण्याचा वेळ मोजावाच लागला नाही! याच लंबकाने रॉबिन्सला आणखी एक धक्का दिला. शिशाच्या जड गोळीला हवा काय अडवणार, असं तोवरचे बहुतेक विद्वान धरून चालत. प्रत्यक्षात हवेचा विरोध गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट निघाला.

मग आलं पितळी काडतूस, आणि ठासण्याची सगळी कटकट एका डबीत बंद झाली. तळाशी टोपी, मध्ये दारू, तोंडाशी गोळी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. या चौघांत पुंगळीकडे कुणी लक्ष देत नाही, पण मला विचाराल तर खरी जादूगार तीच. दारू पेटते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींवर जातो. त्या क्षणी पितळ फुगतं आणि पोलादी नळीच्या मागच्या घराला असं चिकटतं की वायूचा एक कणही मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाही. दाब उतरला की तेच पितळ केसभर आक्रसतं आणि सहज बाहेर येतं. फुगायचं, चिकटायचं, पुन्हा सुटायचं, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. म्हणूनच पुंगळीसाठी सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं खास पितळ वापरतात.

या पितळाची एक गोष्ट तर आपल्याच देशात घडली. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. पाऊस संपला की दिसायचं, पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या. कुणी हात लावला नव्हता, कुणी पाडलं नव्हतं. ऋतूबरोबर पडणाऱ्या चिरा म्हणून त्यांना नावही पडलं. कोडं उलगडलं 1921 मध्ये. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की दोषी होता घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. पुंगळी ठोकून-ओढून घडवताना पितळात एक ताण अडकून राहतो. दमट हवेतला अमोनिया नेमका त्या ताणलेल्या जागी घुसतो आणि धातू तिथेच फाटतो. उपाय? पितळ हलकं तापवून त्याचा ताण आधीच सोडवून टाकायचा. आजही नव्या लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती याच तापवण्याची खूण आहे. आणि हाताने काडतूस भरणारा माणूस तीच पुंगळी पुन्हा वापरतो, तेव्हा तोही तिची मान तापवून मऊ करतो. कारण मान एखाद्या पुंगळीची कडक आणि एखादीची मऊ असली, तर गोळीवरची पकड बदलते. पकड बदलली की गोळी सुटण्याची वेळ बदलते, आणि तिथेच सारखेपणा गेला.

आता दारू. जुनी काळी दारू धूर फार करायची. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू काढली, आणि 1889 मध्ये इंग्लंडात एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट. कॉर्डाइट म्हणजे तपकिरी रंगाच्या बारीक लांब काड्या, ज्यांची मोळीच्या मोळी पुंगळीत बसवायची. भारतात ते बनवायचा कारखाना निलगिरीत, कुन्नूरजवळ अरुवंकाडूला 1903 साली उभा राहिला.

काड्याच का? पूड का नाही? इथे भूमितीचा एक विलक्षण खेळ आहे. बिनधुराची दारू एकदम भडकत नाही, ती पृष्ठभागावरून आत आत जळत जाते. जितका पृष्ठभाग मोठा तितका वायू जास्त. भरीव काडी जळता जळता बारीक होते, म्हणून वायू कमी होत जातो. पण त्याच काडीला मधोमध आरपार भोक पाडलं तर? बाहेरचा पृष्ठभाग लहान होतो आणि भोकाचा मोठा, म्हणजे एकूण जवळजवळ तेवढाच राहतो. आणि सात भोकं पाडली तर जळता जळता पृष्ठभाग चक्क वाढतो! गोळी नळीत पुढे सरकते तशी मागची जागा वाढते, तिथे वायूही वाढता हवा. ती वाढ दाण्याच्या आकारातच लिहून ठेवलेली. कुठलाही पंप नाही, कुठलीही झडप नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता विचार करत बसलो होतो.

पण या दारूला उन्हाची बाधा होते, आणि इथे आपला मराठवाडा सरळ रायफलीत शिरतो. इंग्लंडच्या गारव्यात जोखून भरलेलं काडतूस नांदेडच्या मे महिन्यात, 43 अंशांच्या उन्हात कातडी पट्ट्यात अडकवून फिरवलं तर काय होईल? तापलेली दारू वेगाने जळते. वेगाने जळली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. गोळी वर लागते, पितळ घरात अडकून बसतं, आणि हद्द ओलांडली तर रायफलच धोक्यात. म्हणून विलायती कारखाने आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांसाठी मुद्दाम कमी कॉर्डाइट भरलेली उष्ण प्रदेशांची काडतुसं वेगळी बनवत. निजामाच्या मुलखातल्या उन्हाळ्याचा हिशेब इंग्लंडमधल्या कारखान्यात तराजूवर मांडला जात होता, ही कल्पनाच मला रोमांचक वाटते.

इथवर समजलं की सारखा वेग हवा. पण खरं नवल अजून पुढेच आहे.

रायफलीची नळी कडक पोलादाची. ती हलत नाही असं आपण धरतो. पण ज्वारीच्या ताटावरून पाखरू उडालं की ताट कसं डोलत राहतं, तसाच प्रत्येक बाराला ती नळी डोलते. डोळ्यांना दिसत नाही इतकंच. गोळी नळीत असते ती सेकंदाचा साधारण हजारावा भाग, किंवा त्याहून जरा जास्त. पोलादातून धक्का सेकंदाला पाच किलोमीटरच्या वेगाने धावतो, म्हणजे गोळी तोंडाशी पोहोचायच्या आत तो नळीच्या टोकापर्यंत जाऊन अनेकदा परतलेला असतो. 1901 साली मॅलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने नळीच्या या कंपनांचा अभ्यास रॉयल सोसायटीपुढे मांडला. मग विचार करा, गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वर होतं की खाली? एका अंशाचा साठावा भाग इतकंच ते कललं, तरी 100 मीटरवर गोळी जवळपास 3 सेंटिमीटर सरकते.

काडतूस भरणाऱ्याचा खरा शोध इथे सुरू होतो. तो दारूचं वजन अगदी किंचित, किंचित बदलत काडतुसांच्या छोट्या तुकड्या बनवतो. बाकी सगळं तेच ठेवतो: तीच पुंगळी, तीच टोपी, तीच गोळी. वजन बदललं की वेग बदलतो आणि गोळी नळीत थांबण्याचा काळ बदलतो. म्हणजे तो खरं तर दारू मोजत नसतोच, नळीचं डोलणं आणि गोळीचं सुटणं यांचा मेळ बसवत असतो. झोक्याच्या टोकाशी नळीचं तोंड क्षणभर थबकतं. गोळ्या त्या क्षणाच्या आसपास सुटल्या, तर वेगात थोडा फरक असला तरी त्या एकाच दिशेने निघतात. ही जागा सापडली की पुंजका एकाएकी आवळतो. आणि गंमत अशी, की त्याच कारखान्यातल्या शेजारच्या रायफलीची जागा वेगळी निघते. दुसऱ्याचं प्रमाण उसनं घेऊन चालत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तर ते मुळीच घेऊ नये.

एक सावधगिरी मात्र फार थोडे जण पाळतात. तीन गोळ्या शेजारी शेजारी लागल्या की माणूस खूश होतो. पण तीन गोळ्या नशिबानेही जवळ लागतात. प्रमाण बदलून पुन्हा तीन झाडल्या, त्या जरा पसरल्या, म्हणजे पहिलं प्रमाण श्रेष्ठ ठरलं असं नव्हे. भरपूर गोळ्या झाडल्याशिवाय पुंजका आपली खरी रुंदी दाखवत नाही. धीर नसलेल्याच्या हाती नुसते योगायोग लागतात.

आणि आता थ्री-नॉट-थ्री. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली ती ली-एन्फील्ड. दहा इंचांत एक फेरा असा तिच्या नळीतल्या खोबणींचा पीळ, आणि गोळीचा वेग सेकंदाला साधारण 744 मीटर. म्हणजे गोळी बाहेर पडते तेव्हा मिनिटाला पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्यांनी गरगरत असते! अशा गतीत गोळीचं वजन मध्यापासून केसभर जरी एका बाजूला असलं, तरी नळी सोडताच ती बाजूला फेकली जाते. म्हणून गोळी पुंगळीत सरळ बसवणं हे दारू जोखण्याइतकंच महत्त्वाचं.

या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून धरणारा दांडा, मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे बार उडताना तिचं अंग जरा वाकतं. कागदावर पाहिलं तर हा दोषच. जवळच्या अंतरावर बोल्ट पुढून अडकणाऱ्या रायफली तिच्याहून सरस ठरत. पण अंतर वाढवत हजार यार्डांपर्यंत नेलं, की हीच ली-एन्फील्ड अपेक्षेपेक्षा फार चांगली निघे. असं कसं? वाकण्यामुळे नळीचं तोंड गोळी सुटण्याच्या क्षणी वर चढत असतं. वेगवान गोळी लवकर सुटते, तोंड जरा खाली असताना. मंद गोळी उशिरा सुटते, तोवर तोंड वर गेलेलं असतं. म्हणजे मंद गोळी थोडी उंच फेकली जाते. वाटेत ती जास्त खाली येते, कारण तिला पोहोचायला वेळ लागतो. आणि एका ठरावीक अंतरावर या दोघींच्या वाटा एकमेकींना भेटतात! काडतुसातली चूक रायफल स्वतःच्या डोलण्याने दुरुस्त करते. हे कुणी ठरवून घडवलेलं नव्हतं. नेमबाजांच्या लक्षात ते आधी आलं, कारण मागून कळलं.

सारखेपणाचा हाच खेळ आज ऑलिंपिकच्या 50 मीटरच्या रेंजवर मिलिमीटरांत खेळला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवलं होतं. या खेळातलं दहाचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटर व्यासाचं, आणि गोळी स्वतःच 5.6 मिलिमीटरची.

थोडा हिशेब करू. पॉइंट टू-टू म्हणून ओळखली जाणारी ही गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने सुटते आणि 50 मीटर जाईतो सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. आता एखादी गोळी सेकंदाला फक्त 5 मीटरने मंद असेल तर? ती जवळजवळ 4 मिलिमीटर आणखी खाली लागेल. नेमबाजाने काहीही चूक न करता गुण जाऊ शकतो.

मग हे खेळाडू आपलं काडतूस हाताने का भरत नाहीत? कारण भरताच येत नाही. टू-टू ला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत आतून बसवलेला असतो, आणि पिन ती कड चेपते तेव्हा तो पेटतो. एकदा चेपलेली कड पुन्हा वापरात येत नाही. दारूला हात लावायची वाट बंद, म्हणून शोधाची दिशा उलटी होते: रायफलीसाठी काडतूस घडवता येत नसेल, तर आधीच घडलेल्या हजारोंतून तिच्या नळीला मानवणारं निवडायचं. कारखान्यात एकाच मशीनवर, एकाच मसाल्यातून, सलग बनलेल्या काडतुसांचा एक लॉट होतो आणि डब्यावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. बर्मिंगहॅमच्या एली किंवा फिनलंडच्या लापुआ यांच्या चाचणी-रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती चौकटीत घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉट तिच्यातून झाडून पाहतात. सर्वांत महागडा लॉट जिंकेलच असं नाही. एका नळीतून जो लॉट नखाएवढ्या जागेत गोळ्या ठेवतो, तोच दुसऱ्या नळीतून पसरतो. मनाजोगता सापडला की नेमबाज त्या क्रमांकाचे डबे जमतील तितके विकत घेऊन ठेवतात, कारण तो संपल्यावर तीच कंपनी, तेच नाव आणि तीच किंमत असली, तरी पुढच्या क्रमांकाच्या डब्यापासून सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागते.